प्रकाशतंतू आणि विस्थापनमापन : एक चिकित्सा

१

प्रकाशतंतूच्या साहाय्याने विस्थापन मोजता येते, हे विधान पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता इतके रूढ झाले आहे की, त्याचा नेमका अर्थ काय हे विचारण्याची गरज कोणास भासत नाही. गेल्या काही वर्षांत या विषयावरील जे प्रबंध व शोधनिबंध परीक्षणासाठी किंवा सहज वाचनासाठी प्रस्तुत लेखकाच्या हाती आले, त्यांतील बहुतेकांची मांडणी एकाच साच्यातील आहे. प्रारंभी प्रकाशतंतूच्या गुणांची प्रशस्ती; मग एक परावर्तक पृष्ठभाग, दोन तंतू, एक प्रकाशस्रोत आणि एक प्रकाशसंवेदी डायोड यांची आकृती; त्यानंतर अंतर व विद्युत्‌दाब यांचा आलेख; त्या आलेखाच्या सरळ भासणाऱ्या भागावर ओढलेली रेषा; आणि अखेरीस ‘या संवेदकाने एक मायक्रॉनपर्यंतचे विस्थापन मोजता येते’ हा निष्कर्ष. यांतील प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहता बहुधा निर्दोष असते. दोष आहे तो शेवटच्या वाक्यातील ‘मोजता येते’ या क्रियापदात.

वस्तुतः प्रकाशतंतू विस्थापन मोजत नाही. त्याच्या टोकाशी जे येते ते प्रकाशाच्या तीव्रतेतील, कलेतील किंवा तरंगलांबीतील एक अंतर. हे अंतर विस्थापनामुळे पडले, हा आपण काढलेला निष्कर्ष होय. आणि तोच परिणाम घडवू शकणारी अन्य कारणे वगळली गेली असतील, तरच तो निष्कर्ष टिकतो. दिवा मंद होणे, आरशावर बाष्प धरणे, खोली तापणे, तंतू वळणे, डिंक सैल पडणे या सर्वांचा ठसा प्रकाशावर उमटतो, आणि प्रकाश आपल्या अंगावरील ठसा कोणाचा हे सांगत नाही. म्हणून कोणत्याही तंतुसंवेदकाविषयी पहिला प्रश्न ‘तो किती सूक्ष्म बदल दाखवितो’ हा नसून ‘तो बदल विस्थापनाचाच आहे, याची साक्ष कोण देतो’ हा असावयास हवा. उपकरणाच्या रचनेत अशा साक्षीची सोय आहे किंवा नाही, या एका कसोटीवर प्रस्तुत विषयातील प्रमुख पद्धतींची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

तंतूने अंतर मोजण्याची कल्पना दूरसंदेशवहनाच्या तंतूंइतकीच जुनी आहे. १९६६ साली काव आणि हॉकहॅम यांनी काचेच्या तंतूतून दूरवर संदेश नेणे शक्य असल्याचे प्रतिपादन केले, आणि प्रतिकिलोमीटर २० डेसिबलहून कमी क्षय असलेला तंतू १९७० साली कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला. परंतु विस्थापनसंवेदकाला या प्रगतीची वाट पाहावी लागली नाही. त्याला एक-दोन मीटर लांबीची तंतूंची जुडी पुरत होती. १९६७ साली मेनाडियर, किसिंजर आणि ॲडकिन्स यांनी ‘इन्स्ट्रुमेंट्स अँड कंट्रोल सिस्टिम्स’ या नियतकालिकात ‘फोटॉनिक सेन्सर’ या नावाने अशा उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. जुडीतील काही तंतू प्रकाश नेऊन लक्ष्यावर टाकतात, उरलेले तंतू परावर्तित प्रकाश परत आणतात, आणि परत आलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून लक्ष्याचे अंतर काढले जाते. आज आपल्या प्रयोगशाळांत जो दोन तंतूंचा संवेदक जुळविला जातो, तो याच उपकरणाचा साधा अवतार होय.

त्याचे कार्य भूमितीने समजते. एक मिलिमीटर व्यासाचे दोन प्लॅस्टिक तंतू परस्परांस चिकटून ठेवले आणि पहिल्यातून निघणाऱ्या प्रकाशशंकूचा अर्धकोन ३०° धरला, तर लक्ष्य तंतूंना जवळजवळ टेकले असता परतणारा प्रकाश पहिल्याच तंतूत शिरतो आणि दुसऱ्यास काहीच मिळत नाही. लक्ष्य मागे सरकू लागले की परावर्तित शंकूची कड दुसऱ्या तंतूच्या गाभ्यावर चढू लागते व प्रकाश झपाट्याने वाढतो. ही कड संपूर्ण गाभा झाकण्यासाठी लक्ष्य सुमारे ०.८७ मिलिमीटर अंतरावर असावे लागते. परंतु दरम्यान शंकू पसरून विरळही होत असल्यामुळे प्रकाशाचे शिखर त्याच्या थोडे अलीकडेच येते. शिखरानंतर केवळ विरळ होणे शिल्लक राहते आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटू लागतो. असे दोन उतार मिळतात : अलीकडचा तीव्र पण आखूड, पलीकडचा मंद पण लांब.

आता पलीकडच्या उतारावर साक्षीचा प्रश्न विचारून पाहू. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर प्रकाशातील एक टक्का बदल हा अंतरातील अर्धा टक्का बदल म्हणून वाचला जाईल. लक्ष्य ४ मिलिमीटरवर असता हा अर्धा टक्का म्हणजे २० मायक्रॉन. तांबड्या प्रकाशाच्या सामान्य डायोडाची प्रकाशशक्ती तापमान एका अंशाने वाढले असता साधारणपणे अर्ध्या ते एका टक्क्याने घटते. तेव्हा खोलीचे तापमान एका अंशाने बदलले की, कोणतीही वस्तू न हलता, १० ते २० मायक्रॉनांचे ‘विस्थापन’ आलेखावर उमटेल. ज्या प्रबंधात एक मायक्रॉनचा दावा आहे, त्यात खोलीच्या तापमानाचा उल्लेखही नसावा, हे या क्षेत्रातील लेखनाचे सर्वसाधारण चित्र आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. मूळ उपकरण घडविणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. त्या उपकरणाच्या व्यापारी रूपात मापनापूर्वी लक्ष्य प्रकाशाच्या शिखरावर आणून तेथील वाचन एका ठराविक आकड्याशी जुळवून घेण्याची रीत आहे. शिखरावर आलेख क्षणभर सपाट असतो. तेथील प्रकाश अंतरातील किंचित बदलावर अवलंबून नसून दिव्याच्या तेजावर व लक्ष्याच्या परावर्तनशक्तीवर अवलंबून असतो. म्हणजे मापनाला निरुपयोगी ठरणारा बिंदू साक्षीदार म्हणून वापरण्याची ही युक्ती आहे. ती दिव्याचे पुढे होणारे चढउतार थोपवीत नाही हे खरे. पण काळ्या पोलादावर आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर एकच आलेख लागू करण्याचा प्रमाद तिच्यामुळे टळतो. आमच्या प्रबंधांत शिखराचा भाग ‘अनुपयुक्त’ म्हणून वगळला जातो आणि त्याबरोबर ही साक्षही जाते. उपकरणाची नक्कल झाली, त्यामागील विवेकाची झाली नाही.

या अडचणीवर दुसरा उपाय म्हणजे परतीच्या मार्गावर एकाऐवजी दोन तंतू, प्रेषक तंतूपासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवणे आणि त्यांच्या प्रकाशाचे गुणोत्तर घेणे. दिवा मंद झाला किंवा आरसा मळला तर दोन्ही वाचने एकाच प्रमाणात घटतात व गुणोत्तर अबाधित राहते. एका तंतूचा व एका डायोडाचा खर्च वाढतो आणि आकड्यांत पाहता विभेदनक्षमता थोडी उणावते. परंतु जे उरते ते अधिक विश्वासार्ह असते. लक्ष्य तिरके झाल्यास मात्र हे गुणोत्तरही फसते, कारण तिरकेपणाचा परिणाम दोन्ही तंतूंवर सारखा होत नाही. साक्षीदार किती आणि कोणत्या बाबतीत विश्वसनीय आहे, हेही तपासावे लागते ते यासाठी.

३

सरळ रेषेच्या प्रश्नाकडे आता वळू. उताराच्या निवडक भागावर सरळ रेषा बसवून सहसंबंध गुणांकाचा वर्ग ०.९९९ आला, एवढ्यावर ‘संवेदक रेषीय आहे’ असे जाहीर करण्याची प्रथा पडली आहे. या आकड्याचे वजन किती, याचा हिशेब कोणी करून पाहिल्याचे दिसत नाही. समजा, वास्तविक आलेख सरळ नसून एका बाजूस किंचित फुगलेला परवलय आहे, आणि त्याची दोन टोके जोडणाऱ्या रेषेपासून मध्यभागी तो पूर्ण पल्ल्याच्या तीन टक्क्यांनी वर आहे. अशा आलेखावर समान अंतराने भरपूर बिंदू घेऊन उत्तम सरळ रेषा बसविली, तर वरील वर्ग ०.९९९ इतकाच येतो. तथापि टोकांशी रेषा व आलेख यांतील फरक पल्ल्याच्या दोन टक्के असतो. पल्ला एक मिलिमीटरचा असेल तर ही चूक २० मायक्रॉन होते, आणि ती यादृच्छिक नसल्यामुळे कितीही वाचनांची सरासरी काढली तरी कमी होत नाही.

यावरून सहसंबंध गुणांक निरुपयोगी आहे असे म्हणावयाचे नाही. तो ‘अंतर वाढते तसा प्रकाश बदलतो’ एवढेच सांगतो, आणि हे तर प्रयोगापूर्वीही ठाऊक होते. खरी माहिती असते ती प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे अंतर दाखविणाऱ्या अवशेषांच्या आलेखात. हे अवशेष शून्याच्या दोन्ही बाजूंस विखुरलेले आहेत की धनुष्यासारखे वाकलेले आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते. असा आलेख प्रबंधात क्वचितच आढळतो. तसेच अंशन, म्हणजे ज्ञात विस्थापनांशी संवेदकाची वाचने पडताळून पाहण्याची क्रिया, बहुधा हाताने फिरवावयाच्या मायक्रोमीटर स्क्रूवर केली जाते. त्या स्क्रूवरील बारीक रेघ १० मायक्रॉनांची असेल, तर त्याच्या आधारे एक मायक्रॉनची ग्वाही देणे म्हणजे गजाच्या मापाने केसाची जाडी सांगण्यासारखे आहे. स्क्रू उलट फिरविताना त्यात जी पोकळ चाल असते तिचाही बोध, एकाच दिशेने घेतलेल्या वाचनांतून होणार नाही.

दुसऱ्यांचे दोष दाखविताना स्वतःचा एक प्रमाद सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही एका चिकट पदार्थाची संथ सरक पाहण्यासाठी पलीकडच्या उतारावर काम करणारा एक संवेदक जुळविला होता. लक्ष्य ४ मिलिमीटरवर होते. कित्येक दिवसांच्या नोंदींत एक सुंदर लय दिसू लागली : पहाटेपर्यंत लक्ष्य सुमारे ३५ मायक्रॉन जवळ येई आणि दुपारी पुन्हा मागे जाई. रात्री खोली सुमारे तीन अंशांनी थंड होत असे. संवेदक व लक्ष्य यांना धरणारा ॲल्युमिनियमचा आधार आकुंचन पावतो, असे स्पष्टीकरण आम्ही तत्काळ दिले, आणि आमचा संवेदक आधाराचे आकुंचनही टिपतो याचे आम्हांस कौतुक वाटले. विद्यार्थ्याने ती आकृती आपल्या अहवालात घातली.

पुढे एका पदवीच्या विद्यार्थ्याने सहज विचारले की, आधार किती लांब आहे. तो ६० मिलिमीटर होता. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक दर अंशास दशलक्षांश २३ धरला, तर तीन अंशांत ६० मिलिमीटर लांबी अवघी ४ मायक्रॉन बदलते. ३५ पैकी ३१ मायक्रॉनांचा हिशेब लागत नव्हता. मग आरसा तंतूसमोर पक्का चिकटवून केवळ दिव्याचे तापमान बदलून पाहिले, आणि ती सुंदर लय जशीच्या तशी प्रकट झाली. रात्री थंड झालेला दिवा अधिक उजळत होता व आम्ही त्याला जवळ येणे म्हणत होतो. चार ओळींचा हा हिशेब आम्ही आधी केला नाही याचे कारण अज्ञान नव्हते. मनाजोगते स्पष्टीकरण हाताशी होते, हे कारण होते. सूक्ष्म उपकरणाचा हा मोठा धोका आहे. ते नेहमी काही ना काही दाखवीत असते, आणि पाहणाऱ्यास त्यात अर्थ दिसण्यास वेळ लागत नाही.

४

तीव्रतेच्या मापनातील ही दुर्बलता पाहून पुष्कळजण व्यतिकरणाकडे वळतात. प्रकाशाची कला मोजली की दिव्याच्या तेजाचा प्रश्न मागे पडतो, हे बरोबर आहे. तंतूचे टोक आणि समोरचा आरसा यांच्यामधील पोकळीत व्यतिकरण घडवून आणल्यास पोकळी अर्ध्या तरंगलांबीने बदलताच एक पट्ट सरकतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी हे माप ७७५ नॅनोमीटर आहे आणि पट्टाचा शतांश ओळखणे कठीण नाही. येथे मोजपट्टी तरंगलांबीची असल्यामुळे अंशनाचे बरेचसे ओझे कमी होते, आणि हा या पद्धतीचा खरा मोठेपणा होय.

परंतु साक्षीचा प्रश्न येथे दुसऱ्या वेषात उभा राहतो. पट्ट सरकला तो पुढे की मागे, आणि वीज गेल्यावर दरम्यान किती पट्ट सरकून गेले, हे साधा व्यतिकरणमापक सांगू शकत नाही. याशिवाय प्रकाशाचा संपूर्ण मार्ग तंतूतूनच जात असेल तर तंतू स्वतःच तापमापक बनतो. तांबड्या लेसर प्रकाशासाठी काचेच्या एक मीटर तंतूचे तापमान एका अंशाने वाढले असता कला सुमारे १०० रेडियनांनी बदलते. हाच तंतू ताणून तितकाच कलाबदल घडवावयाचा तर तो सुमारे ९ मायक्रॉनांनी लांब करावा लागेल. म्हणजे नॅनोमीटरच्या विभेदनक्षमतेचा अभिमान बाळगणाऱ्या उपकरणात एका अंशाची किंमत कित्येक हजार नॅनोमीटर आहे.

मग तंतु-व्यतिकरणमापकाची जी विलक्षण कीर्ती आहे ती कशामुळे? तिचे मूळ १९७७ सालच्या पाण्याखालील ध्वनीच्या मापनात आहे. त्या वर्षी ब्युकारो, डार्डी व कॅरोम यांनी, तसेच कोल, जॉन्सन व भुता यांनी, तंतूच्या साहाय्याने ध्वनी ग्रहण करण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. ध्वनीचे कंपन सेकंदात शेकडो वा हजारो वेळा होते. तापमानाचा बदल मिनिटांच्या किंवा तासांच्या गतीने होतो. त्यामुळे दोहोंना वेगळे करणे सोपे जाते. तेथे काळ हाच साक्षीदार आहे. याउलट धरणाच्या भिंतीची किंवा पुलाच्या तुळईची संथ सरक आणि हवेचे तापमान ही दोन्ही एकाच दैनिक व वार्षिक लयीत बदलतात. कंपनमापनात मिळविलेला सूक्ष्मतेचा आकडा स्थिर विस्थापनाच्या प्रबंधात उतरवून घेणे म्हणजे साक्षीदारास मागे ठेवून केवळ त्याचा जबाब पुढे आणणे होय. असे उसने आकडे या विषयाच्या वाङ्मयात वारंवार आढळतात.

५

ब्रॅग जालकाची कथा याहून बोधप्रद आहे. १९७८ साली कॅनडात हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना तंतूच्या गाभ्यात प्रकाशानेच कायमचे जालक उमटते असे आढळले. १९८९ मध्ये मेल्ट्झ, मोरे व ग्लेन यांनी ते तंतूच्या बाजूने, हव्या त्या तरंगलांबीसाठी लिहिण्याची रीत दिली. असे जालक एक विशिष्ट तरंगलांबी परावर्तित करते आणि तंतू ताणला असता ती बदलते. १५५० नॅनोमीटरजवळ दशलक्षांश एक विकृतीस सुमारे १.२ पिकोमीटर, आणि दर अंश तापमानास सुमारे १० पिकोमीटर, असे हे प्रमाण आहे. तीव्रतेचा येथे संबंध नाही, पट्ट मोजणे नाही. वाचन निरपेक्ष आहे.

तथापि जालक मोजते ती विकृती, विस्थापन नव्हे. लांबीतील सापेक्ष बदल आणि स्थानातील बदल या दोन भिन्न राशी आहेत, आणि एकीवरून दुसरीकडे जाण्यासाठी मध्ये एक यांत्रिक रचना व तिच्याविषयीची गृहीते लागतात. नेहमीच्या प्रयोगात एका टोकास घट्ट बसविलेल्या धातूच्या पट्टीवर मुळाशी जालक चिकटवून मोकळ्या टोकाचे विस्थापन काढतात. पट्टी १ मिलिमीटर जाड व १०० मिलिमीटर लांब असेल, तर टोक एक मिलिमीटर हलले असता मुळाशी पृष्ठभागावर दशलक्षांश १५० विकृती येते, आणि जालकाची तरंगलांबी सुमारे १८० पिकोमीटर सरकते. म्हणजे एका अंशाच्या तापमानबदलाचे १० पिकोमीटर हे ५५ मायक्रॉनांचे खोटे विस्थापन ठरते. पट्टीच्या धातूचे स्वतःचे प्रसरण यात धरलेले नाही; ते धरल्यास आकडा आणखी वाढेल. पट्टीच्या दोन्ही बाजूंस एकेक जालक लावून त्यांच्या वाचनांतील फरक घेतला, तर एक बाजू ताणली जाते व दुसरी दबते, म्हणून इष्ट परिणाम दुप्पट होतो. तापमान दोहोंवर सारखे, म्हणून ते नाहीसे होते. इतका सोपा साक्षीदार उपलब्ध असता एकाच जालकावर लिहिलेल्या प्रबंधास मान्यता का मिळावी, हा प्रश्न परीक्षकांनीही स्वतःस विचारावा.

विकृती व विस्थापन यांतील हा भेद संपूर्ण तंतूभर मापन करणाऱ्या पद्धतींत अधिकच तीव्र होतो. ब्रिल्वाँ प्रकीर्णनाची कंप्रता विकृतीनुसार बदलते, हे १९८९ च्या सुमारास जपानमध्ये होरिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविल्यानंतर किलोमीटर लांबीच्या तंतूवर जागोजागची विकृती काढणे शक्य झाले. ही सिद्धी असामान्य आहे. परंतु तुळईच्या वरच्या व खालच्या कडांवरील विकृतींवरून वक्रता, आणि वक्रतेवरून दोनदा संकलन करून बाक काढावयाचा असेल, तर चूकही दोनदा संकलित होते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास या पद्धतीत एक अंश तापमान सुमारे दशलक्षांश २० विकृतीसारखे भासते. वरच्या व खालच्या तंतूंच्या तापमानांत अर्ध्या अंशाचा फरक दुर्लक्षिला, तर दशलक्षांश १० विकृतीची चूक होते. कडांमधील उंची अर्धा मीटर आणि तुळई २० मीटर लांब असेल, तर मध्यभागी एक मिलिमीटरचा बाक निव्वळ या दुर्लक्षातून निर्माण होतो. मापन मात्र प्रत्येक बिंदूपाशी उत्तम झालेले असते.

या पार्श्वभूमीवर स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील तंत्रविद्यापीठात १९९० च्या दशकात विकसित झालेल्या ‘सोफो’ पद्धतीचा उल्लेख करावासा वाटतो. तिच्यात एका नळीत दोन तंतू असतात. एक तंतू दोन खुंट्यांमध्ये ताणून बसविलेला असतो व त्या दूर गेल्या की लांबतो. दुसरा शेजारीच सैल असतो, त्याला रचनेच्या हालचालीची बाधा होत नाही, पण तापमान मात्र तेच लागते. अल्प कलासंगतीच्या प्रकाशाने या दोहोंच्या लांबीतील फरक काढला जातो. विभेदनक्षमता सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे प्रयोगशाळेतील व्यतिकरणमापकापुढे अगदी सामान्य. परंतु हे वाचन निरपेक्ष आहे. उपकरण काढून नेऊन वर्षभराने पुन्हा जोडले तरी धागा तुटत नाही. आणि जे मिळते ते दोन खुंट्यांचे सापेक्ष विस्थापनच असते, त्यासाठी संकलनाची गरज नाही. जिनीव्हाजवळील व्हर्सुआ येथील पुलावर असे शंभराहून अधिक संवेदक बसविण्यात आले. सैल तंतू हा येथे शब्दशः साक्षीदार आहे. तो काहीही मोजत नाही असे वरवर वाटते. तथापि ताणलेल्या तंतूच्या शब्दाला किंमत येते ती त्याच्यामुळेच.

ही पद्धतही परिपूर्ण नाही. दोन तंतूंना तापमान सारखे असले तरी ज्यात खुंट्या रोवल्या आहेत ते काँक्रीट तापमानाने खरोखरच प्रसरण पावते, आणि ते खरे विस्थापन भाराने आलेल्या विस्थापनापासून वेगळे काढण्याचे काम अभियंत्याकडेच उरते. मात्र येथे अडचण संवेदकाच्या खोटेपणाची नसून रचनेच्या वर्तनाची आहे. हा फरक लहान नव्हे.

६

आरंभी ज्या प्रशस्तीचा उल्लेख केला तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. प्रकाशतंतूवर विद्युत्‌चुंबकीय क्षोभाचा परिणाम होत नाही, त्याच्या टोकाशी वीज नसते, तो बारीक व हलका असतो, हे गुण खरे आहेत. उच्चदाबाच्या रोहित्रात, स्फोटक वायूच्या परिसरात किंवा तीव्र चुंबकीय क्षेत्रात हे गुण निर्णायक ठरतात. परंतु ज्या प्रयोगात यांपैकी एकही परिस्थिती नाही, टेबलावर ठेवलेले डायल गेज किंवा प्रवर्तनावर चालणारा साधा संवेदक तेच काम अधिक अचूकपणे करील, तेथे ही यादी उद्‌धृत करण्याचे प्रयोजन काय? शिवाय तंतू क्षोभमुक्त असला तरी त्याच्या दुसऱ्या टोकाशी असलेला डायोड व वर्धक तसे नसतात. वापरलेल्या साधनाचे गुण सांगणे म्हणजे त्या साधनाची निवड समर्थनीय ठरविणे नव्हे.

तंतूच्या मोहाने या विषयात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांना निरुत्साही करावे, असा या विवेचनाचा हेतू नाही. उलट दोन तंतूंचा तो साधा संवेदक हे मापनशास्त्र शिकण्याचे उत्कृष्ट साधन आहे, कारण स्वस्त उपकरणात सगळे दोष उघडपणे पाहावयास मिळतात. आपल्या विभागात यापुढे असा प्रबंध लिहिला गेला, तर त्यात काही गोष्टी असाव्यात, अशी सूचना करावीशी वाटते. लक्ष्य पक्के बसवून निदान एक अहोरात्र घेतलेली नोंद, तीही तापमानाच्या नोंदीसह, प्रथम असावी. न हललेली वस्तू किती हलल्यासारखी दिसते, हे कळल्यावाचून हललेल्या वस्तूविषयी बोलता येत नाही. त्यानंतर लक्ष्याचा पृष्ठभाग बदलून व किंचित तिरका करून घेतलेली वाचने असावीत. अंशन जाताना व येताना, दोन्ही दिशांनी केलेले असावे आणि ज्याच्याशी पडताळणी केली त्या मापाची स्वतःची अनिश्चितता सांगितलेली असावी. सरळ रेषेबरोबर अवशेषांचा आलेख असावा. आणि शेवटी विभेदनक्षमता, पुनरावृत्तीतील एकवाक्यता व अचूकता हे तीन आकडे निरनिराळे द्यावेत. तिन्हींना मिळून ‘संवेदनक्षमता’ असे एकच गोंडस नाव देऊ नये. मापनातील अनिश्चितता कशी मांडावी, याविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिचा उपयोग करण्यास महाग उपकरणे लागत नाहीत.

असे केल्यास प्रबंधातील अखेरचा आकडा एक मायक्रॉनवरून वीस किंवा तीस मायक्रॉनांवर जाईल, अशी भीती काही मार्गदर्शकांनी प्रस्तुत लेखकाजवळ व्यक्त केली आहे. ही भीती साधार आहे. आकडा तसा जाईलच. परंतु उद्या हाच विद्यार्थी एखाद्या पुलाच्या तुळईपाशी उभा राहून तीस मायक्रॉनांची नोंद पाहील, आणि त्या पुलावरून वाहने जाऊ द्यावीत किंवा नाही याविषयी त्याचे मत विचारले जाईल. त्या वेळी आपण पाहतो आहोत ती तुळईची हालचाल आहे की दिव्याची, हे त्याला सांगता आले पाहिजे. ते शिकविण्याची जागा पूल नसून प्रयोगशाळा आहे, आणि ती संधी आज आपल्या हाती आहे.